डिमर वेगळा, डीएमएक्स बोर्ड वेगळा

एकांकिका स्पर्धांचा मोसम जवळ आला की मला फोन येऊ लागतात. "दादा, कमी पैशांतला एखादा डिमर सांग ना. तो काळा, बारा बटणांचा." बारा बटणांचा तो काळा डबा डिमर नसतो, तो डीएमएक्स बोर्ड, म्हणजे दिव्यांना तारेतून हुकूम देणारा डबा, हे सांगून माझं तोंड दुखलं. दुकानदार त्याला डिमर म्हणतो. ऑनलाइन विकणारे 'डीएमएक्स डिमर कंट्रोलर' असे तिन्ही शब्द एका दमात लिहून मोकळे होतात. आणि पोरं वर्गणीचे तीन-चार हजार घालवून बसतात.

डिमर तुम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या हॉलमध्ये विंगेत गुणगुणत बसलेला तो लोखंडी पेटारा. मागे थ्री-पिनची सॉकेटं, पुढे फेडर, म्हणजे उजेड कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्या. आतला ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच दर सेकंदाला शंभर वेळा विजेच्या लाटेचा तुकडा कापतो आणि दिव्यापर्यंत वीजच कमी पोचते. पूर्वी मोठाल्या रेझिस्टन्सवर हे काम व्हायचं, त्याही आधी मिठाच्या पाण्यात पत्रे खालीवर करून. पद्धत कुठलीही असो, दिव्याची वीज डिमरमधून जाते.

डीएमएक्स बोर्डातून ती जात नाही. घोळ होतो तो इथेच.

एका ग्रुपच्या रंगीत तालमीला रात्री साडेदहाला गेलो होतो. टेबलावर कोरा बोर्ड, वरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. शेजारी कुठून तरी मिळवलेले हजार वॉटचे दोन हॅलोजन पार, म्हणजे डब्यासारखे रंगमंचाचे दिवे. एक मुलगा पारची जाड पिन हातात धरून बोर्डाची मागची बाजू चाचपत होता. "दादा, ही कुठे लावायची?" मी त्याला बोर्डाचा अडॅप्टर उचलून वाचायला सांगितलं. नऊ व्होल्ट. "या मूठभर अडॅप्टरवर चालणाऱ्या डब्यातून हजार वॉटचा दिवा मंद होईल का रे?" तो हसला. मग बिलावरचं 'माल परत घेतला जाणार नाही' आठवलं असावं, कारण लगेच हसायचा थांबला.

बोर्ड फक्त सांगतो. प्रॉम्प्टरसारखा. विंगेतून वाक्य पुरवायचं, बोलायचं दुसऱ्यानं. डीएमएक्सच्या एका तारेवरून जास्तीत जास्त ५१२ आकडे एकामागून एक जातात, प्रत्येक ० ते २५५ मधला. पहिल्या नंबरला १८०, दुसऱ्याला शून्य, तिसऱ्याला २५५, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण ५१२ पाठवले तरी सेकंदाला साधारण ४४ फेऱ्या होतात. कोणी ऐकलं की नाही हे बोर्डाला कळत नाही, कारण साध्या डीएमएक्समध्ये उलट उत्तर येत नाही. त्यामुळे समोर एकही दिवा जोडलेला नसला तरी बोर्डावरचे लाल आकडे ऐटीत पळत राहतात आणि पोरांना वाटतं, चालू आहे की!

गंमत अशी की १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेनं डीएमएक्स ठरवलं, ते एका कंपनीच्या बोर्डाला दुसऱ्या कंपनीच्या डिमरशी बोलता यावं म्हणून. म्हणजे हे दोघं जन्मापासूनच दोन वेगळे डबे आहेत. आपण त्यांना एका नावात कोंबलं.

मग ऐकणारा कोण? एक तर डीएमएक्स इनपुट असलेला डिमर पॅक. हॅलोजन पार, फ्रेनेल आणि पीसी हे भिंगाचे दिवे, हे सगळे त्याच्या सॉकेटात लागतात, बोर्डाची बारीक तार त्याच्या मागे जाते. किंवा एलईडी पार. त्याला स्वतःचे कान असतात. वीज त्यानं थेट भिंतीतून घ्यायची, हुकूम तारेतून.

याच्या उलटी चूकही तेवढीच होते: एलईडी पारची पिन डिमरमध्ये खोचायची. फेडर फुल्ल असताना सगळं छान दिसतं, म्हणून सगळे खूश. साठ टक्क्यांवर आणला की फडफड आणि कुरकुर सुरू. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय असतो, त्याला अखंड २३० व्होल्ट हवे असतात. त्याला कापलेली लाट द्याल तर आज फडफडेल, उद्या जळेल. फेडर फुल्लवर चिकटपट्टीनं बांधून चालवणारेही पाहिलेत. कृपया नको.

त्यात भर म्हणून एलईडी पारच्या आतल्या एका चॅनललाही 'डिमर' म्हणतात. सात चॅनलच्या पारमध्ये बहुतेक वेळा पहिलाच. तो शून्यावर असेल तर लाल, हिरवा, निळा कितीही वर ढकला, अंधारच. निम्मे 'पार खराब निघाला' असे फोन एवढ्यावरच मिटतात.

'चॅनल' शब्दाचीही तीच गत. डिमरवर सहा चॅनल म्हणजे सहा दिव्यांच्या लाइनी. बोर्डावर १९२ चॅनल म्हणजे १९२ दिवे नव्हेत. बारा बटणं, प्रत्येकामागे सोळा चॅनल, म्हणून १९२. पारचे पत्ते, म्हणजे त्यानं कितव्या चॅनलपासून ऐकायचं तो आकडा, १, १७, ३३, ४९ असे लावायचे. हिशोबी मुलं सात चॅनलचा पार म्हणून दुसऱ्याला ८ देतात आणि मग पहिल्याच बटणावर दोन्ही पार हलतात. समोरचे चार पार नेहमी एकत्रच लागणार असतील तर चौघांना एकच पत्ता द्या, चार बटणं दाबत बसू नका.

तीन पिनांची केबल की पाच पिनांची? स्वस्तात तीनच मिळते, विषय संपला. माइकची केबल लावू का? छोट्या हॉलमध्ये चालून जाते, पण मला आवडत नाही. दिवे मधेच थरथरायला लागले तर पहिला संशय तिच्यावर घ्या, आणि शेवटच्या पारच्या आउटमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर दोन आणि तीन नंबरच्या पिनेत लावा.

आता खरेदी. ग्रुपकडे हॅलोजन आधीच असतील तर बोर्डाच्या नादी लागू नका. स्वतःचे फेडर असलेला चार किंवा सहा लाइनींचा डिमर प्रयोगापुरता भाड्यानं आणा. घेण्याआधी लोड मोजा: हजार वॉटचा दिवा साधारण सव्वाचार अँपिअर ओढतो, सहा दिव्यांचे सव्वीस होतात, आणि हॉलमधलं मोठं सॉकेट सोळाचं असतं. पडद्याआड एमसीबी पडला की एकांकिका तिथेच संपते.

काहीच नसेल तर एलईडी पार आणि तो १९२चा बोर्ड घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पण एक नुकसान मान्य करूनच. हॅलोजन विझताना लालसर होत जातो, शेवटी तार नुसती धुमसते, आणि करुण प्रसंगाला ते अर्धं काम करून देतं. स्वस्तातला एलईडी शेवटच्या काही आकड्यांत पायऱ्या उतरल्यासारखा उड्या मारत विझतो. संथ फेड आउटवर नाटक संपणार असेल तर एक तरी हॅलोजन डिमरवर ठेवाच. बोर्डावरचं चेसचं, म्हणजे दिवे आपोआप पळवणारं, बटण मात्र विसरा, ते वरातीसाठी आहे.

बोर्डाऐवजी लॅपटॉपला लावायचा यूएसबी-डीएमएक्स डोंगल आणि क्यूएलसी प्लस हे फुकटचं सॉफ्टवेअर ही जोडीही उत्तम. क्यू, म्हणजे प्रसंगागणिक ठरवलेले दिव्यांचे बदल, नीट साठवता येतात, फेडला हवे तेवढे सेकंद देता येतात. १९२च्या बोर्डावर तेवढी नजाकत नाही. तरी माझं मत खऱ्या फेडरलाच, कारण ऑपरेटरची नजर रंगमंचावर राहते आणि बोटं आपोआप चालतात. लॅपटॉपच घेणार असाल तर स्क्रीनचा उजेड अगदी खाली आणा आणि पुढे पुठ्ठा लावा. नाही तर ब्लॅकआउटमध्ये सगळं थिएटर काळं होतं आणि शेवटच्या रांगेत ऑपरेटरचा निळा चेहरा तेवढा तरंगत राहतो.