एमआरआयवर पेशी दिसायची तर पेशीत काय भरायचं?

शरीरात सोडलेल्या मूलपेशी नेमक्या कुठे पोहोचल्या, हे एमआरआयवर पाहायचं तर त्या सोडण्यापूर्वी त्यांच्यात चुंबकीय खूण भरावी लागते. एमआरआयला संकेत मिळतो तो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनकडून, आणि पाणी तर पेशीत आणि भोवतालच्या ऊतकातही असतंच; म्हणून खुणेशिवाय पेशी वेगळी ओळखू येत नाही.

नेहमीच्या तपासणीत चित्र उजळण्यासाठी टोचलं जाणारं गॅडोलिनियम इथे तोकडं पडतं. ते उजळपणा आणतं तो स्वतःला शिवून जाणाऱ्या पाण्यामुळे. पेशीने ते गिळून आतल्या सूक्ष्म पिशव्यांत कोंडलं, की तिथे पाण्याची ये-जा मंदावते. मग मात्रा वाढवली तरी उजळपणा त्या प्रमाणात वाढत नाही.

लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं तसं नाही. ते आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतात आणि हा बिघाड पेशीच्या बाहेरपर्यंत पसरतो. त्यामुळे जेमतेम २० मायक्रॉनची पेशी तिच्यापेक्षा बराच मोठा काळा ठिपका उमटवते. त्यासाठी पेशीमागे साधारण १० ते २० पिकोग्रॅम लोह लागतं; १ पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

खरी कसोटी लागते ती हे लोह आत घालताना. रक्तक्षयावर दिलं जाणारं फेरूमॉक्सिटॉल, म्हणजे लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं औषध, पेशी वाढवायच्या द्रवात (माध्यमात) नुसतं मिसळलं, तर बहुतेक पेशी ते फारसं घेत नाहीत. म्हणून त्यात ऋणभारित हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि धनभारित प्रोटामीन (हेपॅरिनचा उतारा असलेलं प्रथिन) घालतात. तिघांचे मिळून पेशीला गिळता येतील असे पुंजके बनतात. प्रमाण साधारण असं: दर मिलिलिटरला हेपॅरिन २ युनिट, प्रोटामीन ६० मायक्रोग्रॅम, फेरूमॉक्सिटॉल ५० मायक्रोग्रॅम. सुरुवातीचे सुमारे दोन तास माध्यमात सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नको, कारण त्यातली प्रथिनं पुंजके बनण्यात अडथळा आणतात. नंतर सीरम घालून पेशी रात्रभर ठेवायच्या. प्रोटामीन जास्त झालं तर पुंजके मोठे होऊन तळाशी बसतात किंवा पेशींना बाहेरूनच चिकटतात. असं चिकटलेलं लोह हेपॅरिन मिसळलेल्या द्रावणाने धुऊन काढावं लागतं. हा टप्पा गाळला, तर लोहाच्या मोजणीत पेशी भरलेल्या दिसतात. प्रत्यक्षात निम्मं लोह बाहेरच असू शकतं! प्रशियन ब्लू रंगाने लोह निळं दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते आत आहे की वर, हे नीट पाहायलाच हवं.

आणखी लोह कोंबलं की संवेदनशीलता वाढेल, हा हिशेब अर्धाच खरा. जास्त भारामुळे काही मूलपेशींची कूर्चा बनवण्याची क्षमता घटल्याचं आढळलं आहे. शिवाय पेशी विभागली की दर पिढीला लोह निम्मं होतं.

उरलेलं काम स्कॅनचं. एमआरआयचा संकेत घेण्याच्या स्पिन-एको आणि ग्रेडियंट-एको या दोन पद्धतींपैकी, पेशीत दाटलेल्या कणांसाठी ग्रेडियंट-एको अधिक संवेदनशील ठरते. व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वात लहान त्रिमित ठोकळा, लहान केला की ठिपका उठून दिसतो, मात्र संकेत क्षीण होतो आणि स्कॅनचा वेळ वाढतो. एको-टाइम, म्हणजे संकेत टिपण्याआधी थांबायचा वेळ, वाढवला की ठिपका गडद होतो. त्याचबरोबर हवेला लागून असलेल्या ऊतकाच्या कडाही काळवंडतात.

काळा ठिपका म्हणजे आपलीच जिवंत पेशी, असं मात्र धरून चालत नाही. जुना रक्तस्रावही काळाच दिसतो, आणि पेशी मेली तर तिचं लोह मॅक्रोफेज (मृत पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशी) गिळतात व ठिपका जागच्या जागी राहतो. त्यामुळे लोह भरलेल्या मृत पेशी टोचलेला तुलना-गट ठेवल्याशिवाय निष्कर्षाला फारसा अर्थ नाही. तरीही पेशी टोचल्या-टोचल्या जागा तपासायला ही पद्धत उत्तम. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) ८ रुग्णांना लोह भरलेल्या डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीला लक्ष्य दाखवणाऱ्या पेशी) अल्ट्रासाउंडच्या मदतीने लसिकाग्रंथीत टोचल्या होत्या. ४ जणांत नेम चुकला होता, आणि ते एमआरआयमुळे कळलं.

लोहाऐवजी फ्लुओरिनयुक्त परफ्लुओरोकार्बन (कार्बन आणि फ्लुओरिनचं संयुग) पेशीत भरणं हा दुसरा मार्ग. शरीरात एमआरआयला दिसेल असं फ्लुओरिन जवळपास नसतंच, त्यामुळे रक्तस्रावाशी गल्लत होत नाही आणि संकेतावरून पेशींची संख्याही काढता येते. पण एका व्हॉक्सेलमध्ये हजारो पेशी असल्याशिवाय काही दिसत नाही, आणि मेलेल्या पेशीचं फ्लुओरिनही मॅक्रोफेजच्याच पोटात जातं.