पेंढा भरलेल्या बिबट्याचे कातडे बदलता येते का? ठाण्यातील वारसांसाठी अर्जाची माहिती

नौपाड्यातील एखाद्या जुन्या घराची पुनर्विकासासाठी आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून कसर लागलेले, कानांच्या कडा झडलेले बिबट्याचे मुंडके निघते आणि नवे कातडे बसवायला किती खर्च येईल, ही चौकशी सुरू होते. अमेरिकेत शिकारीच्या हरणाचे डोके, मान आणि खांदे यांचे कातडे सुटे विकत मिळते, त्यामुळे तेथे या प्रश्नाला भाव सांगता येतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या अनुसूची १ मध्ये (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत) असून त्याच्या कातड्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा भावाची चौकशीसुद्धा करू नये.

आधी पाहावा तो वन खात्याने त्या वस्तूसाठी दिलेला मालकीचा दाखला. मूळ धारकाच्या नावाचा दाखला असेल आणि वस्तू वारशाने आली असेल, तर कलम ४०(२ब) प्रमाणे वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यापुढे घोषणा करावी लागते. अर्जासोबत साधारणपणे मूळ दाखला, धारकाचा मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, इतर वारसांचे संमतिपत्र, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि वस्तूची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे जोडावीत. अर्ज देताना शिक्क्यासह पोच घ्यावी, कारण मुदत पाळल्याचा तोच पुरावा ठरतो. त्यानंतर अधिकारी घरी येऊन वस्तूची पाहणी करू शकतात आणि तिची नोंद करून ओळखखूण करू शकतात.

कातडे बदलण्यातली खरी अडचण या खुणेपाशी आहे. ती पुसणे किंवा बनावट खूण करणे कलम ४१ नुसार निषिद्ध आहे. खूण कातड्यावरच असेल, तर कातडे उतरवताच तीही जाते, आणि दाखल्यातील वर्णनाशी न जुळणारी वस्तू घरात उरते. शेळीच्या कातड्याचे ठिगळ लावायचे असले तरी आधी लेखी विचारणा करावी. टॅक्सिडर्मीच्या, म्हणजे प्राण्यांची कातडी भरून जतन करण्याच्या, व्यवसायाला कलम ४४ अन्वये परवाना लागतो आणि अनुसूची १ मधील प्राण्यांसाठी तो व्यवसाय कलम ४९ब अन्वये निषिद्धच आहे, म्हणून लेखी परवानगीशिवाय वस्तू कोणाच्याही हाती देऊ नये.

दाखला आहे पण वस्तू ठेवायची नसेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून कलम ४२अ अन्वये ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने सुपूर्द करता येते. २०२२ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या या तरतुदीत मोबदला मिळत नाही, आणि दाखलाच नसेल तर ती लागू होत नाही. नागपूरहून किंवा आणखी कोठून आजोबांनी ती वस्तू आणली होती, अशी तोंडी हकिकत दाखल्याची जागा घेत नाही, हे अनेकांना पटत नाही.

अर्जासाठी छायाचित्रे काढताना हातमोजे घालावेत. जुन्या कातड्यांना आतून सोमलयुक्त (विषारी आर्सेनिक असलेला) साबण चोळलेला असे, आणि केस झडले की त्याची भुकटी बोटांना लागते.