प्रॉटेस्टंट मुलाला कॅथलिक व्हावंच लागतं?

वसईची कॅथलिक मुलगी, नगरचा प्रॉटेस्टंट मुलगा. लग्न ठरलं की मेसेज फिरतोच: ‘पुन्हा बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झाल्याशिवाय तिच्या चर्चमध्ये लग्न लागत नाही.’

तसं नाही. पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मानतं. तो दुसऱ्यांदा देत नाहीत. मुलाने आपल्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला तेवढा आणायचा. लागते ती बिशपांची परवानगी. अर्ज फादरांमार्फत जातो.

मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, हे वचन मुलगी देते. मुलाला त्याची कल्पना देतात, वचन त्याच्याकडून घेत नाहीत. घोळ बहुधा इथेच होत असावा.

पडताळायचं तर १९८३च्या कॅनन लॉमधली, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातली, ११२४, ११२५ ही कलमं वाचा. इंटरनेटवर फुकट मिळतात. मुलाच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, तिथल्या पाळकांकडून लग्न लावायचं असेल, तर मात्र वेगळी सूट लागते. हॉल बुक करण्याआधी विचारून घ्या.