जुनी बाईक झटके मारते म्हणजे प्लगच गेला?

दर पावसाळ्यात हा सल्ला फिरतो: जुनी बाईक झटके मारायला लागली की प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) गेला समजा, नवा टाका, काम झालं.

समज अगदीच निराधार नाही. नवा प्लग टाकला की गाडी काही दिवस बरी चालते, म्हणून तो टिकून आहे. पण प्लग बहुतेक वेळा साक्षीदार असतो, आरोपी नव्हे. काढून त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी; आधी एअर फिल्टर उघडा. पेट्रोलने ओला निघाला तर ठिणगीवर संशय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय.

आपल्याकडे किनाऱ्यावर खारं वारं आणि दमट हवा. म्हणून मी तरी आधी प्लगची टोपी काढून आत हिरवट गंज आहे का ते बघतो. मग रात्री अंधारात, मोकळ्या जागी, इंजिन चालू ठेवून टोपीवर आणि तिला येणाऱ्या जाड वायरवर थोडं पाणी फवारा. हात मात्र लावू नका. बाहेर निळसर ठिणग्या नाचल्या तर करंट तिथेच गळतोय.

तेही ठीक असेल तर इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं असेल तर ते जड, त्याचा थर तळाशी वेगळा दिसतो. (ती बाटली पुन्हा कोकमाच्या आगळाला वापरू नका, एवढंच.)