घर सुटले तरी शाळा सुटू नये : अमेरिकेतील मॅकिनी-व्हेंटो कायद्याखालील पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अमेरिकेतील मोठ्या शहरांभोवतीची उपनगरे एकमेकांना इतकी लागून असतात की एक रस्ता ओलांडला की नगरपालिका बदलते. स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे परिसरातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेची, हद्द तर पुष्कळदा नगरपालिकेच्या हद्दीशी जुळतही नाही. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये तीन-चार उपनगरे असतात, तर कुठे एकच उपनगर दोन डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेले असते. त्यामुळे नोकरी गेल्याने किंवा भाडे थकल्याने घर सोडावे लागलेले कुटुंब चार मैलांवरच्या नातेवाइकांकडे राहायला गेले, तरी कागदोपत्री त्याचे गाव आणि मुलाची शाळा दोन्ही बदलल्यासारखे होते. अशा वेळी बहुतेक पालक आधी घराच्या मदतीसाठी धावाधाव करतात आणि शाळेला काहीच कळवत नाहीत. माझ्या मते क्रम उलटा हवा. घराच्या मदतीसाठी प्रतीक्षायादी असते, पण घर सुटलेल्या मुलाचा शाळेत शिकत राहण्याचा हक्क त्याच दिवशी लागू होतो; शिवाय घराच्या मदतीची वाटही अनेकदा शाळेतूनच पुढे जाते.

हा हक्क मॅकिनी-व्हेंटो या १९८७ च्या संघीय कायद्याने दिलेला आहे. २०१५ च्या शिक्षण कायद्याने त्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या आणि बालवाडीतील मुलांनाही त्याचे संरक्षण मिळाले.

पात्रता

ज्या मुलाला रात्री राहण्यासाठी स्थिर, नियमित आणि पुरेशी जागा नाही, ते मूल या कायद्याखाली पात्र ठरते. निवारागृहात, गाडीत, उद्यानात किंवा बसस्थानकावर रात्र काढणारी मुले त्यात येतात हे कोणालाही पटेल. पण दुसरी पर्यायी सोय नसल्यामुळे मोटेलात राहणारी मुले आणि घर गेल्यामुळे किंवा पैशांच्या ओढाताणीमुळे नातेवाइकांच्या वा मित्रांच्या घरी दाटीवाटीने राहणारी मुलेही त्यात येतात. या शेवटच्या स्थितीला शाळांमध्ये ‘डबल्ड-अप’ म्हणतात, आणि आपल्या समाजातील कुटुंबे नेमकी इथेच स्वतःला अपात्र समजून गप्प बसतात. भावाच्या घरी दिवाणखान्यात गाद्या घालून झोपणाऱ्या आई-वडिलांना ‘बेघर’ हा शब्द स्वतःला लावून घेणे जड जाते, हे समजण्यासारखे आहे. तरीही कायदा त्या शब्दाची लाज विचारात घेत नाही, तो फक्त घर का सुटले आणि सध्याची जागा किती काळ टिकणारी आहे हे पाहतो. सोयीसाठी किंवा आवडीने एकत्र राहणारे कुटुंब मात्र या व्याख्येत बसत नाही. पालकांपासून वेगळी राहणारी आणि अशी स्थिर जागा नसलेली किशोरवयीन मुले स्वतंत्रपणे पात्र असतात.

व्हिसाची स्थिती शाळाप्रवेशाच्या आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात दिलेल्या निकालानुसार स्थलांतरविषयक स्थितीच्या कारणावरून सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

अर्ज कुठे आणि कसा करायचा

प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला या कामासाठी एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो; शाळेच्या कार्यालयात ‘मॅकिनी-व्हेंटो लिएझॉन’ कोण आहेत असे विचारले की नाव आणि फोन मिळतो. बहुतेक ठिकाणी आधी निवासाविषयी एक पानाची प्रश्नावली भरून घेतात. त्यात ‘विद्यार्थी सध्या रात्री कुठे राहतो?’ असा प्रश्न आणि खाली स्वतःचे किंवा भाड्याचे घर, नातेवाइकांकडे, मोटेल, निवारागृह, गाडी अशा चौकटी असतात. पत्त्याच्या रकान्यात भावाचा पत्ता लिहून ‘भाड्याचे घर’ या चौकटीत खूण केली, तर पुढची सगळी प्रक्रिया तिथेच थांबते. म्हणून ती खूण खरी आणि विचारपूर्वक करावी. ही माहिती विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदीचा भाग म्हणून गोपनीय राहते आणि ती घरमालकाला कळवता येत नाही.

त्यानंतर कोणती शाळा हे ठरते. घर सुटण्यापूर्वी मूल ज्या शाळेत होते किंवा शेवटचे ज्या शाळेत दाखल होते, ती त्याची मूळ शाळा. तिथेच राहायचे की सध्याच्या मुक्कामाच्या भागातील शाळेत जायचे, याचा निर्णय मुलाचे हित पाहून घेतला जातो. पालकांची इच्छा विरुद्ध नसेल तर मूळ शाळेत राहण्यातच मुलाचे हित आहे असे कायदा गृहीत धरतो. लहान मुलाचा प्रवास फार लांबचा होत असेल तर पालकांनी त्याचाही विचार करावा. पण वर्षाच्या मध्यावर शिक्षक, मित्र आणि अभ्यासक्रम एकदम बदलण्याची किंमतही कमी नसते.

शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये मुक्काम असताना मूळ शाळा निवडली, तर पालकांच्या मागणीवरून प्रवासाची सोय करावी लागते. ती कोणी करायची आणि खर्च कसा वाटायचा हे दोन्ही डिस्ट्रिक्टनी आपसात ठरवायचे असते; एकमत झाले नाही तर जबाबदारी आणि खर्च दोघांत समसमान वाटला जातो. हा त्यांच्यातला हिशेब मिटेपर्यंत मुलाला घरी बसवून ठेवता येत नाही. मोटेलासमोर थांबणाऱ्या बसमध्ये हे मूल सकाळी सर्वांत आधी चढावे आणि दुपारी सर्वांत शेवटी उतरावे, म्हणजे ते कुठे राहते हे वर्गमित्रांना दिसत नाही, अशी काळजीही अनेक ठिकाणी घेतली जाते. तशी विनंती अधिकाऱ्यांकडे निःसंकोच करावी.

शाळेने पात्रता किंवा निवडलेली शाळा नाकारली, तर कारणे लेखी मागावीत. अपील करण्याचा हक्क आहे, आणि अंतिम निकाल लागेपर्यंत पालकांनी मागितलेल्या शाळेत मुलाला तत्काळ प्रवेश द्यावाच लागतो.

कागदपत्रे

पत्त्याचा पुरावा, मागील शाळेच्या नोंदी, लसीकरणाची माहिती, जन्मदाखला यांपैकी काहीही हाताशी नसले तरी प्रवेश थांबवता येत नाही. जुन्या शाळेकडून नोंदी मागवणे हे नव्या शाळेचे काम असते आणि लसीकरणाबाबत संपर्क अधिकारी मदत करतात. मोफत जेवणासाठी उत्पन्नाचा वेगळा अर्ज भरावा लागत नाही, संपर्क अधिकाऱ्यांच्या यादीत नाव असणे पुरेसे ठरते.

घराच्या मदतीसाठी मात्र कागद लागतात. ओळखपत्र, कुटुंबातील सर्वांची नावे व जन्मतारखा, उत्पन्नाचा पुरावा, घर खाली करण्याची नोटीस किंवा न्यायालयाचा आदेश, मोटेलच्या पावत्या आणि ज्यांच्याकडे राहत आहात त्यांचे पत्र, हे सगळे पहिल्या दिवसापासून एका पाकिटात जपून ठेवावे.

घराच्या मदतीकडे

इथे एक मोठी अडचण आहे. गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, बेघरपणाची व्याख्या शाळेच्या व्याख्येपेक्षा संकुचित आहे, त्यामुळे नातेवाइकांकडे राहणारे कुटुंब शाळेत पात्र ठरूनही तिथे अपात्र ठरू शकते. परंतु चौदा दिवसांच्या आत ती जागा सोडावी लागणार असेल, पुढची सोय ठरलेली नसेल आणि ती करण्यासाठी पैसा वा आधारही नसेल, तर हडच्या निकषातही कुटुंब बसते. म्हणून ज्यांच्याकडे राहत आहात त्यांचे पत्र नुसते ‘आमच्याकडे राहतात’ असे नसावे. जागा खरोखर सोडायची असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. संपर्क अधिकारीही कुटुंबाच्या स्थितीला लेखी पुष्टी देऊ शकतात.

अर्ज नगरपालिकेगणिक वेगळा करण्याची सहसा गरज पडत नाही. बहुतेक भागांत २११ या क्रमांकावर फोन केल्यावर परिसराच्या सामाईक नोंदणी केंद्राचा पत्ता मिळतो आणि एकाच मुलाखतीवरून अनेक संस्थांकडे नाव पोहोचते. लागून असलेली उपनगरे हडच्या ‘होम’ या परवडणाऱ्या घरांसाठीच्या निधी कार्यक्रमासाठी करार करून तीन वर्षांसाठी एकत्रित गटही स्थापन करतात. गटातले एक शहर किंवा काउंटी सर्वांच्या वतीने निधी सांभाळते, आणि त्यातून काही ठिकाणी भाड्यासाठी साहाय्य दिले जाते. त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न त्या क्षेत्राच्या मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे लागते. आपले उपनगर अशा गटात असेल तर चौकशी गटाच्या मुख्य कार्यालयात करावी, नाहीतर स्थानिक खिडकीवर हेलपाटे पडतात.

हाउसिंग व्हाउचर, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याची सोय, हा वेगळा कार्यक्रम असून तो नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशा ठरावीक स्थितीच्या व्यक्तींपुरता आहे. एच-१बी व्हिसावरील कुटुंब त्याला पात्र नसते. व्हाउचर मिळालेल्या कुटुंबाला ते शेजारच्या उपनगरात नेता येते, मात्र अर्जाच्या वेळी व्हाउचर देणाऱ्या संस्थेच्या हद्दीत राहत नसल्यास पहिले बारा महिने तिथेच राहण्याची अट घातली जाऊ शकते.

कायमचे घर मिळाल्यावरही चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलाला मूळ शाळेत राहता येते. मुक्काम बदलला की नवा पत्ता त्याच दिवशी संपर्क अधिकाऱ्यांना कळवावा, कारण बसचा मार्ग नव्याने आखायला काही दिवस जातात.