टाळ-मृदंगाच्या साथीने सुवार्ता

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कीर्तन लागलं की परगावचा पाहुणा क्षणभर थबकतो. टाळ, पेटी, मागे झील धरणारे, सगळं ओळखीचं. आख्यान मात्र बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं. ही रीत कुणा एका परदेशी मिशनऱ्याने आखून दिलेली नाही. तिच्यामागे बरीच वर्षं आहेत.

सुरुवात गोव्यातली. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि साष्टीत राहून इथल्या बोलीत मुरला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, ऐकायला दुसरं काही नव्हतं. त्यांच्यासाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616 मध्ये साष्टीतल्याच राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, तर येशूची कथाही पुराणासारखीच सांगावी, इतकं त्याला उमगलं होतं. दुर्दैव असं, की 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढलं. ज्या बोलीत सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, रुजत होती, तिच्यावरच घाव बसला.

पुढचा टप्पा अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेचा. 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत पोचले, 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. शाळा, छापखाना, बाजारातली प्रवचनं, सारं उत्साहाने चाललं. पण उपासनेत गाणी पाश्चात्त्य चालींवरची. ती मनापासून म्हटली जात, तरी ओठांवर रेंगाळत नसत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेव्हा कुठे गावकरी रात्र रात्र बसून ऐकू लागले.

मग आले कवी नारायण वामन टिळक. 1893 मध्ये आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घराने मोजली: पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या, पुढे स्वतःच्या पावलांनी त्याच वाटेवर आल्या. टिळकांच्या सांगण्याप्रमाणे ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, आणि त्यांची भजनं वाचली की हे पटतं. त्यांत उपदेशकाचा चढा सूर नाही, आर्त भक्ताचा आहे. माझ्या मते मराठी मंडळीला मिळालेलं हे सर्वांत मोठं देणं.

1917 मध्ये त्यांनी मिशनचं वेतन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळे तिथे एका पंक्तीला. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले. दरबार फार टिकला नाही. हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूचं काव्यचरित्रही अर्धवट राहिलं होतं, ज्या लक्ष्मीबाईंना एके काळी नवऱ्याचं धर्मांतर सोसवलं नव्हतं, त्यांनीच ते पुढे लिहीत नेलं. 1938 मध्ये ते छापून आलं, तेव्हा त्याही हयात नव्हत्या.