दंभ (ख्रिस्ती धर्माचारातील)

देवासाठी म्हणून केलेले धर्मकृत्य प्रत्यक्षात माणसांनी पाहावे म्हणून केले जाते, तेव्हा ख्रिस्ती धर्मविचारात त्याला दंभ किंवा ढोंग म्हणतात. दान, प्रार्थना व उपवास ही ज्यू परंपरेतून आलेली तीन कृत्ये हे त्याचे मूळ क्षेत्र होय. पुढे विधी, पापकबुली, साक्ष देणे आणि चर्चला दिलेले अर्पण यांनाही हाच विचार लागू झाला. ‘आत एक, बाहेर एक’ हा त्याचा रूढ अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कृत्य चारचौघांत झाले की एकांतात, यापेक्षा ते कोणाच्या नजरेसाठी झाले, हा शुभवर्तमानांना, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलातील चार ग्रंथांना, पडलेला प्रश्न आहे.

नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या ख्रिस्ती भागात, दांभिकासाठी आलेला ग्रीक शब्द ‘हुपोक्रितेस’ हा मुळात नटाचा वाचक आहे. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ‘हुपोक्रिनेस्थाइ’ या क्रियापदाचे ‘उत्तर देणे’ आणि ‘अर्थ सांगणे, उकल करणे’ असे दोन जुने अर्थ आढळतात. नाटकातील वृंदगानाला (कोरसला) उत्तर देणारा तो नट, असे एक मत आहे. कवीची वाणी प्रेक्षकांना उलगडून दाखवणारा तो नट, असे दुसरे. होमरच्या काव्यात स्वप्नांचा व शकुनांचा अर्थ सांगण्याच्या संदर्भात हे क्रियापद येते, त्यामुळे दुसऱ्या मताला अधिक आधार मिळतो असे दिसते. एवढे मात्र निश्चित की अथेन्समध्ये हा शब्द दीर्घकाळ निंदाव्यंजक नव्हता. इ. स. पू. चौथ्या शतकात डिमॉस्थिनीझ या वक्त्याने आपला प्रतिस्पर्धी एस्किनीझ याच्यावर खोट्या आवेशाचा आरोप करताना याच क्रियापदाचा उपयोग केला, आणि एस्किनीझ खरोखरच पूर्वाश्रमीचा नट असल्यामुळे तो आरोप दुहेरी झोंबणारा ठरला.

ज्यू ग्रीक वाङ्‌मयात या शब्दाची छटा अधिक काळी होते. जुन्या कराराच्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात ईयोबाच्या पुस्तकात (३४:३०, ३६:१३) ‘अधर्मी’ या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी तो योजलेला आहे. ग्रीक राजवटीतील ज्यूंच्या छळाची हकीकत सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात नव्वद वर्षांच्या एलाजाराची कथा येते. निषिद्ध मांस खाण्याची सक्ती झाली असता, आपल्याला चालणारे मांस आणून केवळ राजाज्ञा पाळल्याचा देखावा करावा, असे त्याचे जुने परिचित त्याला सुचवतात. या वयात असे सोंग केले तर तरुण पिढी बहकेल, असे सांगून तो मरण पत्करतो. पोट निषिद्धापासून दूर राहिले असते आणि तरी धर्म बुडाला असता, हे या कथेचे मर्म आहे. दंभाच्या विवेचनात तिचा उल्लेख क्वचितच होतो, ही उणीव म्हणावी लागेल.

येशूची बोली अरामी होती. तेव्हा ‘नट’ ही प्रतिमा त्याची स्वतःची की शुभवर्तमानकारांची, असा प्रश्न उभा राहतो. नासरेथपासून सुमारे सहा किलोमीटरवरील सेप्फोरिस येथे १९३१ मध्ये उत्खननात रोमन नाट्यगृह सापडले. तेव्हापासून येशूने तेथील नट पाहिले असावेत, असे मांडले जाऊ लागले. हे नाट्यगृह येशूच्या वेळी गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपाच्या काळातले मानले तर ही कल्पना शक्य कोटीतली ठरते. मात्र नंतरच्या उत्खननांच्या आधारे ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा त्यानंतरचे मानण्याकडे अनेकांचा कल आहे, आणि सावध वाचकाने तोच पक्ष धरावा. सिरियाक भाषेतील जुन्या पेशित्ता भाषांतरात या ठिकाणी नटाचा मागमूस नाही. तेथे ‘मुखवटा घेणारे, तोंड धरणारे’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. ‘हुपोक्रितेस’ हे नाम नव्या करारात १७ वेळा येते, त्यांपैकी १३ वेळा एकट्या मत्तयात, पौलाच्या पत्रांत ते एकदाही नाही, जरी ‘हुपोक्रिसिस’ हा भाववाचक शब्द त्याने अंत्युखियात ज्यूेतर ख्रिस्त्यांबरोबर जेवणे सोडणाऱ्या पेत्राच्या वर्तनाबद्दल वापरला आहे (गलती. २:१३).

मत्तयाचा सहावा अध्याय हा या विषयाचा गाभा होय. दान करताना कर्णा वाजवू नये, प्रार्थना नाक्यावर उभे राहून करू नये, उपवासात तोंड उतरवून बसू नये, अशी तीन वचने तेथे एकाच साच्यात आली आहेत. तिन्ही ठिकाणी कृत्य गृहीत धरले आहे. दान करावे की नाही, हा प्रश्नच तेथे नाही. ‘कर्णा’ शब्दशः घ्यावा की नाही यावर बरेच लिहिले गेले आहे. यरुशलेमच्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या १३ दानपेट्या होत्या, असे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात नमूद आहे; नाणे पडताना तिचा नाद होई आणि वचनाचा रोख त्यावर असावा, असे काही जण सुचवतात. दान देताना प्रत्यक्ष कर्णा फुंकण्याची रीत असल्याचा भक्कम पुरावा मात्र पुढे आलेला नाही, त्यामुळे हे लाक्षणिक बोलणे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रार्थनेसाठी सांगितलेली ‘खोली’ (तामेइओन) ही देवघरासारखी जागा नव्हे. घराच्या आत धान्य व चीजवस्तू ठेवण्याची ती कोठी होय. सोलापूरकडच्या जुन्या घरांत ज्वारीची पोती ज्या अंधाऱ्या कोठीत रचलेली असत, तशी जागा डोळ्यांसमोर आणली म्हणजे वचनाचा रोख कळतो.

देखाव्याने दान करणारे ‘आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’, हे त्या अध्यायातील शब्द मराठी वाचकाला विशेष जवळचे आहेत. मुळातील ‘अपेखो’ हे क्रियापद इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर व खापरांवर पावतीचा ठराविक शब्द म्हणून आढळते, हे जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. म्हणजे वाहवा मिळाली, हिशोब मिटला, आता देवाकडे काही येणे राहिले नाही. खरेदीखतात ‘रक्कम रोख भरून पावलो’ असे लिहिले की पुढे मागणे उरत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे भाष्य नको. याच अध्यायात गुप्तदर्शी पिता ‘उघडपणे’ प्रतिफळ देईल, असा पाठ काही हस्तलिखितांत आहे. सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत ‘उघडपणे’ हा शब्द नाही, आणि तो मागाहून आला असावा. गुप्त दानाला शेवटी जाहीर बक्षीस जोडले की वचनाची धारच बोथट होते.

अशीच अडचण पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१३:३) आहे. ‘मी आपले शरीर जाळण्यास दिले’ आणि ‘प्रौढी मिरवावी म्हणून आपले शरीर दिले’ या दोन पाठांत ग्रीकमध्ये प्रामुख्याने एका अक्षराचा फरक आहे. प्राचीन साक्ष ‘प्रौढी’च्या बाजूने झुकते. तो पाठ स्वीकारला तर आत्मबलिदानातही दंभ शिरू शकतो, असे पौल म्हणतो आहे.

याच्या उलट बाजूची वचनेही आहेत. ‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या’ (मत्तय ५:१६) हे त्याच डोंगरावरील प्रवचनात आहे. मत्सराने व कपटाने ख्रिस्ताची घोषणा करणाऱ्यांबद्दल पौल म्हणतो की निमित्ताने असो वा खरेपणाने, घोषणा होते यात मला आनंद आहे (फिलिप्पै. १:१८). शिवाय दुसऱ्याचे दोष काढणाऱ्यालाच ‘ढोंग्या’ म्हणून संबोधून आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढण्यास सांगितले आहे (मत्तय ७:५). शुभवर्तमानांत वारंवार दांभिक ठरवलेले परूशी हे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या त्या समग्र ज्यू पंथाचे चित्र समजू नये, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्या पंथातील देखाव्यावर खुद्द रब्बींनीही (ज्यू धर्मगुरूंनीही) टीका केली आहे. परूशांचे सात प्रकार सांगून त्यांतील बहुतेकांना दोष देणारा उतारा तालमुद या ज्यू धर्मग्रंथात आहे. त्यामुळे ‘परूशी’ हा शब्द सरसकट शिवीसारखा वापरणे अन्यायाचे आहे.

आरंभीच्या चर्चचा या शिकवणुकीशी झालेला व्यवहार नेहमीच सखोल होता असे नाही. साधारणतः पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचल्या गेलेल्या डिडाखे या ग्रंथात दांभिकांबरोबर उपवास करू नये असे सांगून, ते सोमवारी व गुरुवारी करतात म्हणून तुम्ही बुधवारी व शुक्रवारी करावा, असा आदेश आहे. येथे हेतूचा प्रश्न वाराच्या प्रश्नात विरून गेला. वाळवंटातील तपस्व्यांनी तो पुन्हा अंतर्मुख केला. इव्हाग्रिअसने (मृत्यू ३९९) आठ दुर्विचारांत लौकिकाच्या हव्यासाची गणना केली, आणि जॉन कॅशियनने त्या हव्यासाला कांद्याची उपमा दिली : एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा तयार. चांगले कपडे घालून मिरवता आले नाही, तर फाटक्या कपड्यांचाच अभिमान वाटू लागतो. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या राशी पाहणाऱ्यांना ही उपमा नव्याने समजावून द्यावी लागणार नाही.

विधी करणाराच दांभिक असेल तर विधीचे काय, हा प्रश्न उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनाटस-पंथीयांनी उपस्थित केला. बिशप ऑगस्टीनचे उत्तर असे की संस्काराचा खरा कर्ता ख्रिस्त असल्यामुळे पुरोहिताच्या अपात्रतेने तो बाद होत नाही. कॅथलिक चर्चने ट्रेंट परिषदेत (१५४७) ही भूमिका पक्की केली. तेराव्या शतकातील धर्मतत्त्वज्ञ टॉमस अक्वायनसने आणखी एक बारकावा नोंदवला : व्रतस्थ वेष प्रामाणिक हेतूने घेतलेला मनुष्य दुर्बलतेने घसरला, तर तेवढ्याने तो दांभिक होत नाही, आणि वेष उतरवून पापाची दवंडी पिटण्यासही तो बांधील नाही. चुकणे आणि सोंग करणे यांतील हा भेद फार मोलाचा आहे. तो विसरल्यामुळे अनेक साध्या माणसांना विनाकारण अपराधी वाटत आले आहे.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, हा पेच विधीतच समोर येतो. त्या दिवशीच्या कॅथलिक वाचनांत ‘वस्त्रे नव्हे, तर आपली हृदये फाडा’ हे योएल संदेष्ट्याचे वचन (२:१३) आणि ‘उपवास करताना तोंड धू’ हे मत्तयाचे वचन वाचले जाते, आणि त्यानंतर लगेच भाविकांना राख लावली जाते. राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली असते. ती कपाळावर तशीच ठेवून कामावर जावे की पुसावी, याबद्दल भाविकांत आजही दोन्ही रीती आहेत.

सोलापूरकडच्या मराठी ख्रिस्ती समाजाला या विषयाचा वारसा मुख्यतः अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून मिळाला. तेथील काँग्रिगेशनल चर्चमध्ये सतराव्या शतकात सभासद होऊ इच्छिणाऱ्याला आपल्या अंतःकरणातील पालटाची हकीकत सांगावी लागे. १७४६ मध्ये तेथील पाळक जॉनथन एडवर्ड्‌झने खऱ्या व भासमान धर्मभावनेच्या लक्षणांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. याच परंपरेतील अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगरला आले, आणि १८६० च्या दशकात सोलापुरात त्यांचे ठाणे झाले. बाप्तिस्मा मागणाऱ्याचा हेतू पारखून घेण्याची त्यांची सवय तेथूनच आलेली होती. १८७६–७८ आणि १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला, आणि मिशनच्या आश्रयाला भुकेलेली माणसे व अनाथ मुले आली, तेव्हा ही पारख कठीण झाली. भाकरीसाठी धर्म घेतला, हा आरोप त्या पिढीतील दलित ख्रिस्ती कुटुंबांना दीर्घकाळ सोसावा लागला. या हेतूंबद्दलचे लेखन बहुतांशी मिशनऱ्यांच्या हातचे आहे, हे तो आरोप वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. मेथडिस्ट मिशनरी जे. वॉस्कम पिकेट यांनी भारतातील सामूहिक धर्मांतरांची पाहणी करून १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आध्यात्मिक कारणाने न आलेल्यांपैकीही पुष्कळ जणांचे पुढील धर्मजीवन इतरांच्या तोडीचे होते, असे तीत आढळले. पोटाची भूक आणि सन्मानाची आस हे हेतू अशुद्ध मानावेत, असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ आरंभिला, तोही बाह्य खूण आणि अंतरीची निष्ठा यांच्या संबंधाचा फेरविचारच होता.

मराठी भाषांतरकारांना ‘दंभ’ हा शब्द तयार मिळाला. भगवद्‌गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत ‘अदंभित्व’ आहे, आणि ज्ञानेश्वरीत त्यावर विस्ताराने निरूपण आले आहे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथील श्रोत्याला तो कीर्तनातून परिचित होता. ‘ढोंगी’ हा बोलीतला, अधिक रोखठोक पर्याय.

चालू आचारात हा विषय सर्वांत जास्त जाणवतो तो अर्पणाच्या वेळी. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मासिक वर्गणी बंद लिफाफ्यात टाकण्याची पद्धत आहे, तर हंगामाच्या सणाला नेमके उलट घडते. ज्वारीच्या कणसांच्या पेंढ्या, भोपळे, वांगी, अंडी, एखादी कोंबडी, घरून आणलेली शेंगांची चटणी असे जिन्नस वेदीपुढे मांडले जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. बोली मोठ्याने पुकारली जाते, घेणाऱ्याचे नाव सर्वांना कळते, आणि दोन वांग्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट रक्कम येते. कडक दृष्टीने पाहणाऱ्याला यात कर्ण्याचा आवाज ऐकू येईल. पण बोली लावणारा बहुधा शेजाऱ्याच्या शेतातला जिन्नस मुद्दाम चढ्या भावाने घेतो, आणि पुष्कळदा तोच जिन्नस लगेच पुन्हा लिलावाला परत देतो. त्याच सणाला पेंढ्यांच्या मागे कोणी न सांगता ठेवलेले एखादे फडक्यातले पायलीभर धान्यही असते; लिलावात ते कोणाचे म्हणून पुकारायचे, हे पुकारणाऱ्याला ठाऊक नसते आणि तो ते नावाशिवाय पुकारतो.